बँडची पहिली टूर: गाडी, गिअर, हिशोब आणि झोप

आमची पहिली टूर झाली तेव्हा वाजवणारे पाच, सोबतीला एक मित्र, भाड्याची एक टेम्पो ट्रॅव्हलर आणि बारा दिवसांत सहा शो असा सगळा मामला होता. गुरुवारी पुणे, शुक्रवारी नाशिक, शनिवारी मुंबई, मग मधले दिवस घरी, बुधवारी कोल्हापूर, शुक्रवारी गोवा आणि रविवारी बंगळुरू. मी बास गिटार वाजवतो आणि हिशोबाची वही पण माझ्याकडेच होती, त्यामुळे काय कुठे चुकलं ते तारखेसकट लिहिलेलं आहे. आता आसपासची नवीन पोरं-पोरी स्वतःची गाणी घेऊन पहिल्यांदा बाहेर पडतायत, मॅनेजर नाही, लेबल म्हणजे पाठीशी म्युझिक कंपनी नाही, आणि भेटलं की विचारतात दादा सुरुवात कुठून करायची, म्हणून एकदा क्रमाने लिहून काढतोय.

पण त्याआधी मुंबईच्या रात्रीबद्दल सांगतो. शो साडेअकराला संपला, सामान भरून निघेपर्यंत एक वाजला, आणि मुक्कामाचे पैसे वाचतील म्हणून आम्ही ठरवलं की रात्रीच पुण्याला जाऊ, तीन तासांचा तर रस्ता आहे. ड्रायव्हरदादा पहाटे पाचपासून जागे होते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. खालापूरचा टोल नाका गेला आणि थोड्या वेळाने गाडी हळूहळू डावीकडे सरकायला लागली, पुढे बसलेला मित्र जागा होता, तो जोरात ओरडला म्हणून गाडी परत लेनमध्ये आली. पुढे लोणावळ्याला थांबलो, दादांना झोपू दिलं आणि आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर एकमेकांशी न बोलता बसून राहिलो. चूक दादांची अजिबात नव्हती, त्यांना तसं चालवायला लावणारे आम्ही होतो, आणि त्यातून वाचणार होते फक्त साडेतीन हजार रुपये. त्या रात्रीपासून मी टूरमधली प्रत्येक गोष्ट, मग ती तारीख असो, गाडी असो की जेवण, एकाच प्रश्नावर तपासतो: यात कोणाची झोप जाणार आहे? खाली जे काही लिहिलंय ते या प्रश्नातूनच आलंय.

तीन महिने आधी: तारखा आणि रस्ता

सगळ्यात आधी एक पक्का शो पकडा. शुक्रवार-शनिवारचा, थोडेफार खात्रीचे पैसे देणारा, एकच. बाकीची टूर त्याच्या आजूबाजूला बांधायची. आम्ही उलटं केलं होतं, जिथून हो आलं तिथली तारीख घेत गेलो आणि पहिल्या कच्च्या वेळापत्रकात नाशिकनंतर कोल्हापूर आणि मग मुंबई असं आलं होतं, नकाशावर बोट फिरवल्यावर कळलं की आपण निम्मी टूर गाडीतच काढणार आहोत. त्यामुळे आधी नकाशा, मग फोन.

पुणे–नाशिक साधारण २१० किलोमीटर, नाशिक–मुंबई १७० च्या आसपास, पुणे–कोल्हापूर २३०, हे टप्पे शोच्या दिवशी सकाळी निघून करता येतात. माझा नियम असा की शोच्या दिवशी अडीचशे किलोमीटरच्या वर जायचं नाही. गोवा ते बंगळुरू जवळपास सहाशे किलोमीटर आहे, तो टप्पा करायचा तर मधे एक पूर्ण दिवस मोकळा पाहिजेच, आम्ही शनिवार त्यासाठीच ठेवला होता आणि टूरमधला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय तोच निघाला. आणि किलोमीटरवर पण जाऊ नका, रस्ता बघा. पुण्याहून नाशिकला निघताना सकाळी साडेसहाच्या आत चाकण ओलांडलं नाही तर तास-दीड तास तिथेच जातो, नाशिकहून मुंबईत येताना कसारा घाट पटकन उतरतो पण भिवंडी-ठाण्याला अडकता. कोल्हापूरहून गोव्याला आजरा, आंबोली, सावंतवाडी करून जाणार असाल तर पावसाळ्यात आंबोलीत धुकं इतकं असतं की पुढच्या गाडीचे दिवे दिसत नाहीत, तिथे अंधार पडायच्या आत पोचायचं.

जून ते सप्टेंबर पहिली टूर नकोच. गणपतीत पुण्या-मुंबईत आणि कोकणच्या रस्त्यावर तर नकोच नको. कॉलेजच्या परीक्षांचे दिवस टाळा, तुमचा निम्मा प्रेक्षक तिथला आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं, उघड्यावरचे शो पण करता येतात. आणि उघड्यावरचा शो असेल तर एक लक्षात ठेवा, ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्यात रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. म्हणजे गोव्यात झाडाखालच्या सुंदर जागेत तुम्हाला नऊची वेळ दिली तर हातात तासभरच आहे, साडेसातची मागून घ्या. बंद हॉलमध्ये ही अडचण येत नाही.

नाशिकला जाताना वाटेत नारायणगाव लागतं. तमाशाच्या फडांच्या राहुट्या जत्रांच्या सीझनआधी तिथे लागतात, गावोगावचे लोक येतात, फड बघतात आणि आपल्या जत्रेची सुपारी देऊन जातात. विठाबाई नारायणगावकर तिथल्याच. आमच्या टूरच्या वेळी चहाला तिथे थांबलो होतो आणि एका म्हाताऱ्या काकांनी गिटारच्या केसकडे बघून विचारलं, कोणता फड? मी सांगितलं बँड आहे काका, सहा शो आहेत. तर म्हणाले मुक्काम कुठे कुठे आहे? गाणी कसली वाजवता ते नंतर, आधी मुक्काम. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. किर्लोस्कर मंडळींनी १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आणलं त्याच्याही आधीपासून आपल्याकडच्या नाटक कंपन्या बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरतायत, शंभरावर माणसं ट्रकने घेऊन फिरणारे फड आहेत, तेव्हा टूर कशी करायची हे शिकायला फक्त परदेशी बँडचे व्हिडिओ बघू नका, तुमच्या शहरात एखाद्या नाटकाचे दौरे लावणारा माणूस असेलच, त्याला चहा पाजा आणि दोन तास ऐका. आम्हाला अर्ध्याहून जास्त गोष्टी अशाच एका माणसाने शिकवल्या.

पैशाचं बोलणं, तोंडी नाही

नाटकवाले शोच्या मानधनाला नाईट म्हणतात, आणि नाईट आधी ठरते. बँडवाल्यांना मात्र आपले पैसे विचारायची लाज वाटते, तसं करू नका. साधारण तीन प्रकारचं बोलणं होतं. एक, ठरलेली रक्कम, प्रेक्षक येवोत न येवोत. दुसरं, तिकिटातला वाटा. तिसरं, थोडी ठरलेली रक्कम आणि एका आकड्यानंतर वाटा. नवीन बँडला बऱ्याचदा दुसरं मिळतं आणि ते वाईट नाही, पण मग विचारायचं की तिकिटं कोण मोजणार, ऑनलाइन तिकिटाचं कमिशन वाटा काढायच्या आधी जाणार की नंतर, आणि पाहुण्यांच्या यादीत जास्तीत जास्त किती नावं. आमच्या एका शोला ऐंशी लोक दिसत होते आणि हिशोबात एकतीस आले, कारण बाकीचे जागेच्या ओळखीचे होते. ते खोटं बोलले असं मी म्हणत नाही, आम्ही विचारलंच नव्हतं.

फोनवर जे ठरलं ते त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर किंवा मेलवर लिहून पाठवायचं: तारीख, गाडी पोचायची वेळ, साउंडचेक (शोआधी स्टेजवर आवाज तपासून घेणं) कधी, शो किती मिनिटांचा, रक्कम, अर्धी आगाऊ कधी आणि उरलेली कधी, मुक्काम कोणाचा, जेवण किती जणांचं. शेवटी लिहायचं की बरोबर असेल तर ओके कळवा. ओके आल्याशिवाय पोस्टर टाकायचं नाही. उरलेली रक्कम शो सुरू व्हायच्या आधी मिळावी असं लिहा, शो संपल्यावर रात्री साडेबाराला अकाउंट्सवाला घरी गेलेला असतो.

टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतल्या जाणाऱ्या कराचं, आधीच समजून घ्या. आयोजक कंपनी असेल तर कलाकाराच्या फीमधून १० टक्के कापले जाऊ शकतात, ते बुडत नाहीत, रिटर्न भरलं की हिशोबात येतात, पण ज्याच्या पॅनवर बिल गेलं त्याच्याच नावावर ते सगळं उत्पन्न दिसतं. आमच्या सगळ्या शोचे पैसे गायकाच्या खात्यात गेले आणि मार्चनंतर सीएने त्याला विचारलं की हे एवढं तूच कमावलंस का. म्हणून एकतर बँडचं वेगळं खातं आणि पार्टनरशिप करा, नाहीतर बिलं वाटून द्या. जीएसटीचं काय असं विचारलं जातं, वर्षाला सेवांची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, तेव्हा बिलात जीएसटी लावायचा नाही, एवढं सरळ सांगायचं.

पोलीस परवानगी, परफॉर्मन्स लायसन्स, दुसऱ्यांची गाणी वाजणार असतील तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांच्या हक्काचे पैसे गोळा करणारी संस्था) लायसन्स, हे आयोजकाचं काम आहे. पण काढलंय का हे विचारणं तुमचं काम आहे, कारण शो मधेच थांबला तर स्टेजवर तुम्ही असता. आणि तुमची स्वतःची गाणी असतील तर टूरच्या आधी आयपीआरएसचे सभासद व्हा, गाणी नोंदवा, प्रत्येक शोची सेटलिस्ट, म्हणजे वाजवलेल्या गाण्यांची यादी, जपून ठेवा.

बजेट करताना शोच्या पैशांवर गाडी आणि मुक्काम निघतोय का तेवढंच बघा. टी-शर्ट विकून पैसे येतील असं धरून चालू नका, ते आले तर वर. आणि प्रत्येकाला रोजचा भत्ता ठरवून रोज सकाळी द्या, रक्कम छोटी असली तरी चालेल. आमच्यात एकाची नोकरी गेली होती, तो प्रत्येक जेवणाला मला भूक नाही म्हणायचा आणि आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. भत्ता असता तर त्याच्यावर ती वेळ आली नसती.

एक पानाचा कागद

टेक रायडर म्हणतात त्याला, म्हणजे स्टेजवर आपल्याला काय काय लागेल त्याचा कागद, नाव मोठं आहे पण पहिल्या टूरला एकच पान पुरतं. वर स्टेज प्लॉट, म्हणजे कोण कुठे उभा राहतो त्याचं साधं चित्र, प्रेक्षकांच्या बाजूने काढलेलं. खाली इनपुट लिस्ट, म्हणजे मिक्सरला काय काय जोडायचं त्याची यादी: ड्रमचे १ किक, २ स्नेअर, ३ हायहॅट असं करत करत बास डीआय (वाद्य थेट मिक्सरला जोडणारा छोटा डबा), गिटार अँप माइक, कीबोर्ड डाव्या-उजव्या दोन डीआय, ढोलकीला दोन माइक, गाण्याचे माइक किती आणि कोणाचे. कोणाला किती मॉनिटर, म्हणजे आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेले स्पीकर, लागतात. वीज कुठे कुठे पाहिजे. बॅकलाइन, म्हणजे ड्रमकिट आणि अँप, जागेवर काय आहे ते फोटोसकट मागवा, ड्रमकिट आहे एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. आम्हाला एका ठिकाणी ड्रमकिट होतं पण स्नेअरचा स्टँड नव्हता, आमच्या ड्रमरने बारच्या स्टूलवर टॉवेल घालून स्नेअर ठेवला आणि अख्खा शो काढला. हा कागद शोच्या पंधरा दिवस आधी पाठवा, दोन दिवस आधी साउंडवाल्याला स्वतः फोन करा. नाव विचारा, नावाने बोला. पूर्ण संध्याकाळ तुमचा आवाज त्याच्या हातात आहे.

गाडी

पाच-सहा जण असाल आणि ड्रमकिट नेणार नसाल तर १२ सीटर ट्रॅव्हलर पुरते, मागची सीट काढून घ्यायला सांगा. टपावर सामान ठेवायचं असेल तर ताडपत्री आणि दोरी स्वतःची घ्या, आणि टपावर फक्त कपड्यांच्या बॅगा, गिअर, म्हणजे वाद्यं आणि वाजवायचं सामान, कधीच नाही. पिवळ्या पाटीचीच गाडी घ्या, ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा अडकतो. राज्याबाहेर जाणार असाल तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का ते आधी बघा, फोटो मागवून घ्या, नाहीतर हद्दीवर थांबून कर भरत बसाल.

आता ड्रायव्हर. याबद्दल जरा जास्त बोलतो. १९६१ चा मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स अॅक्ट होता, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, त्यात दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असं लिहिलं होतं. तुमच्या गाडीला तो कायदा लागू होता की नाही हा विषय बाजूला ठेवा, आकडे माणसाच्या शरीराला बघून ठरवलेत, ते पाळा. ड्रायव्हरदादांना खोली तुमच्यासारखीच पाहिजे, गाडीत झोपा म्हणायचं नाही. त्यांचं जेवण तुमच्याबरोबर आणि तुमच्या आधी, कारण तुम्ही साउंडचेक करताना त्यांना झोपता आलं पाहिजे. शो संपल्यावर रात्री प्रवास नाही, हे गाडी ठरवतानाच सांगून टाका, आणि मग रात्री बारा वाजता तुमच्यातल्याच कोणीतरी चला निघूया म्हटलं तर बाकीच्यांनी नाही म्हणायचं. पुढच्या सीटवर बसणारा माणूस प्रवासात झोपणार नाही, ही ड्यूटी दर दोन तासांनी बदला.

रेल्वेने जायचं असेल तर रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, तात्काळ प्रवासाच्या आदल्या दिवशी, एसीला सकाळी १० आणि स्लीपरला ११ वाजता. स्लीपर आणि थर्ड एसीत माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं. गिटारची केस खालच्या बर्थखाली मावत नाही, वरचा बर्थ घ्या आणि गिटार भिंतीच्या बाजूला घेऊन झोपा. वास्कोहून बंगळुरूच्या यशवंतपूर स्टेशनला थेट रेल्वे आहे, तेव्हा पुढच्या वेळी आम्ही तो टप्पा रेल्वेनेच करणार आहोत. विमानाचा विचार असेल तर देशातल्या साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी १५ किलो आणि हातात ७ किलो एवढंच असतं, आणि पॉवरबँक हातातल्याच बॅगेत ठेवायची.

सामान भरायचा क्रम एकदा ठरला की बदलू नका. आम्ही पहिल्याच दिवशी भरलेल्या गाडीचा फोटो काढला आणि रोज त्या फोटोप्रमाणे भरलं, म्हणून काही राहिलं की लगेच भोक दिसायचं. सगळ्या वस्तूंची यादी, सिरियल नंबर आणि फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये. आणि रात्री गाडीत गिअर सोडायचा नाही, कितीही कंटाळा आला तरी वर खोलीत न्यायचा, दुसरा मजला असला आणि लिफ्ट नसली तरी.

गिअर आणि करंट

वाजवायच्या वस्तू तुमच्याकडे असतातच, राहतात त्या बारीकसारीक: तारांचे दोन जादा सेट, ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, ड्रमच्या काठ्या, केबल प्रत्येक प्रकारची एक जास्त, स्वतःचा डीआय बॉक्स, गॅफर टेप (साधी चिकटपट्टी स्टेजवर खूण ठेवते आणि लोक ओरडतात), मोठ्या पिनचं लहान पिनमध्ये करणारं कन्व्हर्टर, दहा मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड, टॉर्च, तबला असेल तर हातोडी, ड्रमखाली घालायची जाड चटई. जागेचं ड्रमकिट वापरणार असाल तरी झांजा, स्नेअर आणि किक पेडल आपलं घेऊन जा.

पुण्याची कोरडी हवा आणि गोव्याची दमट हवा यात लाकूड आणि कातडं दोन्ही हलतं. ढोलकी-तबल्याची पुडी सैल पडते, गिटारची मान किंचित वाकते. पोचल्या पोचल्या केस उघडू नका, एसी गाडीतून बाहेर काढल्यावर अर्धा तास बंद केसमध्येच राहू द्या, मग उघडून सुरात लावा, आणि साउंडचेकनंतर परत एकदा.

आता करंटचं, हे प्लीज वगळू नका. एका जागी आमच्या गायकाने गिटार गळ्यात घातलेली असताना माइकला ओठ लावले आणि त्याला असा झटका बसला की तो दोन पावलं मागे गेला. अर्थिंग नव्हतं. त्या दिवशी झटक्यावर निभावलं, पण १९७२ साली स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्वान्सीमधल्या स्टेजवर असाच, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. एक स्वस्तातला मल्टिमीटर घ्या, एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला. आकडा शून्याच्या जवळ पाहिजे. नसेल तर कोणीही काही हातात घ्यायचं नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवायचं, अँप आणि साउंडची वीज एकाच फेजवरून, नीट अर्थिंग असलेल्या बोर्डवरून घ्यायची. आवाजातला हम घालवायला प्लगची अर्थ पिन काढणारी माणसं भेटतील, त्यांना काढू देऊ नका. आणि हे बघण्यात उशीर झाला, शो अर्धा तास पुढे गेला तरी चालेल, आमचा गेला होता आणि एकही माणूस उठून गेला नाही.

शोचा दिवस

चारला पोचायचं ठरलं असेल तर साडेतीनला पोचा. सामान उतरवा, स्टेजवर ठेवा, केबल टाका, आणि साउंडवाला सांगेपर्यंत काही वाजवू नका. साउंडचेकला सगळ्यांनी एकदम वाजवत बसणं ही नवीन बँडची सगळ्यात मोठी सवय आहे. एकेक जण, तो म्हणेल तेव्हा, म्हणेल तेवढंच. मग दोन गाणी, एक सगळ्यात मोठ्या आवाजाचं आणि एक सगळ्यात हळू. झालं की खाली उतरा. दुसरा बँड असेल तर त्यांच्या वेळेतली पाच मिनिटं पण खाऊ नका, आणि त्यांचा सेट पूर्ण ऐका, पुढच्या वर्षी त्यांच्या शहरात तुम्हाला गादी तेच देणार आहेत.

साउंडचेक ते शो हे मधले दोन-तीन तास खोलीवर जाऊन आडवं व्हा. आम्ही सुरुवातीला तिथेच बसून गप्पा मारायचो, फोटो काढायचो, आणि स्टेजवर जाईपर्यंत दमलेले असायचो. कोल्हापूरला पहिल्यांदा चाळीस मिनिटं झोपून गेलो आणि रेकॉर्डिंग ऐकलं तर गाण्याच्या लयीपासून सगळं वेगळं होतं.

सेट ४५ मिनिटांचा दिला असेल तर ४२ मिनिटांचा बांधा. शो झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सामान स्टेजवरून खाली, आणि त्याच वेळी एक जण, ठरलेला एकच, टी-शर्टच्या टेबलावर. यूपीआयचा क्यूआर मोठा छापून लावा, अंधारात स्कॅन होत नाही म्हणून वर छोटा दिवा. एम आणि एल साइज जास्त घ्या, आमच्याकडे शेवटी नुसते एस उरले होते. जे लोक येऊन बोलतात त्यांच्याशी नीट बोला, नाव विचारा, नंबर किंवा इन्स्टा घ्या. नाशिकला आम्हाला फक्त सव्वीस लोक होते, पण त्यातले अकरा जण नंतर मुंबईला, पुण्याला येऊन गेलेत.

खाणं, घसा, कान

नाशिकला मिसळ आणि कोल्हापूरला तांबडा-पांढरा खायचाच आहे, माहितीये, पण शोच्या दिवशी गाणाऱ्याने नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी. शोच्या आधी तीन तास पोटभर साधं जेवण, भात-वरण, दही-भात, पोहे, आणि शो झाल्यावर गरम काहीतरी, जे आधीच सांगून ठेवलेलं असेल, कारण साडेबाराला हॉटेलं बंद होतात आणि मग चिप्सवर झोपता. गाडीत केळी, शेंगदाण्याचे लाडू, पाण्याचा वीस लिटरचा जार. पोट बिघडलं तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यात, २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

घसा बसला तर कुजबुजू नका, कुजबुजण्याने घशावर ताण येतो, सरळ गप्प बसा. आमच्या गायिकेने गोवा ते बंगळुरू अख्खा दिवस वहीवर लिहून संवाद साधला आणि रविवारी तिचा आवाज परत आला.

कानाकडे तर आम्ही दुर्लक्षच केलं होतं. अमेरिकेतली नायॉश ही संस्था कामाच्या जागी ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास एवढी मर्यादा सांगते आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. स्टेजवर झांजांच्या शेजारी १०० सहज होतात. माझ्या डाव्या कानात टूर संपल्यावर आठवडाभर शीळ वाजत होती, ड्रमर माझ्या डावीकडे असतो. संगीतासाठीचे इअरप्लग मिळतात, सगळ्यांनी घ्या, पहिल्या सरावापासून घालायला लागा म्हणजे स्टेजवर परकं वाटत नाही.

आणि गोव्यातून परत येताना बाटल्या आणू नका. हद्दीवर तपासणी होते, गाडी अडकली की आतला गिअर पण अडकतो.

भांडणं

होतात. पाचव्या-सहाव्या दिवशी हमखास, आणि कारण अगदीच छोटं असतं, आमच्यात चार्जरवरून झालं होतं. आधीच तीन-चार कामं नावानिशी वाटून टाका: पैसे एकाकडे, आयोजकांशी बोलणं एकाकडे, गाडी भरणं एकाकडे, खोल्या आणि जेवण एकाकडे, आणि त्या कामात शेवटचा शब्द त्याचा. खोलीतले जोडीदार दर दोन दिवसांनी बदला. शो कसा झाला याची चर्चा त्याच रात्री करायची नाही, हा आमचा अजूनही पाळलेला नियम आहे, दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर, रेकॉर्डिंग ऐकून. घोरणाऱ्याला वेगळी खोली द्यायला पैसे लागले तरी द्या. आणि कोणी एकटा बसलाय, हेडफोन लावून खिडकीबाहेर बघतोय, तर बसू दे त्याला, सहा माणसं बारा दिवस एका गाडीत म्हटल्यावर तेवढी जागा प्रत्येकाला लागतेच. फक्त सलग दोन दिवस कोणी जेवत नसेल, झोपत नसेल, तर शेजारी जाऊन बसा आणि विचारा, आणि गरज पडली तर एक शो रद्द करा.

परत आल्यावर

घरी पोचल्यावर सामान त्याच दिवशी उतरवा, केबल पुसून गुंडाळा, ओले टी-शर्ट आणि पट्टे बाहेर काढा, नाहीतर केसमध्ये बुरशी येते. मग दोन दिवस कोणीही कोणाला फोन करायचा नाही, झोपायचं. तिसऱ्या दिवशी हिशोब, सगळ्यांसमोर, पावत्यांसकट, कोणाचे खिशातले किती गेले ते त्याच दिवशी परत. आम्हाला शेवटी माणशी सातशे रुपये तोटा झाला होता आणि तो वाटून घेतला. आठवड्याच्या आत प्रत्येक जागेला, प्रत्येक साउंडवाल्याला, ज्यांच्या घरी राहिलो त्यांना नावाने मेसेज, फोटो असेल तर फोटो. ज्यांनी पैसे अडकवलेत त्यांना पण सभ्य भाषेत, तारीख घालून, ठरलेला मेसेज परत जोडून. आमचे एका ठिकाणचे साडेचार महिन्यांनी आले, पण आले, कारण सगळं लिहिलेलं होतं.

मग त्याच वहीत एक पान घ्या आणि प्रत्येक शहरापुढे लिहा: गाडी कुठे लावली, खोली कशी होती, जवळ जेवण कुठे मिळालं, करंट ठीक होता का, किती लोक आले, कोण भेटलं. आमच्या त्या पानावर नाशिकसमोर लिहिलंय, खोली मागच्या बाजूची घ्या, पुढच्या बाजूला पहाटे चारपासून भाजीचे टेम्पो येतात. येत्या डिसेंबरची खोली मागच्या बाजूचीच सांगून ठेवलीये.